शिरवेळ की पाचघाट

"अहो, निदान चपला तरी काढा."

"कशाला?"

"समुद्रावर आलोय आपण. पाय तरी भिजवा."

"वाळू चिकटते," डबीर म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

शिरवेळच्या किनाऱ्यावर आमचा तो तिसरा दिवस होता. डबीर म्हणजे माझे यजमान. लग्नाला तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती, पण मनातल्या मनात मी त्यांना आडनावानंच संबोधत असे. अजूनही तसंच करते. तीन दिवसांत या गृहस्थांनी समुद्राला बोट लावलं नव्हतं. मासे आम्ही खात नाही. दमट हवेनं त्यांच्या पाठीवर घामोळं उठलेलं, त्यावर मी सकाळ-संध्याकाळ पावडर टाकत होते. लाटांच्या आवाजानं झोप लागत नाही म्हणून रात्री कानात कापसाचे बोळे. बसायचे तेही समुद्राकडे पाठ करून, कारण समोरून वारा आला की पेपर फडफडतो.

आणि तरी रोज सकाळी चहाच्या वेळी एकच वाक्य. "आपण इथेच राहू."

आता हे कोडं कुणालाही पडलं असतं. मला तर पडणारच. मी धरणावरच्या वसाहतीतल्या शाळेत मास्तरीण होते. जनगणनेची ड्यूटी बाकीचे शिक्षक टाळायचे, मी ती मागून घ्यायची. लोकांच्या घरात हक्कानं शिरून 'घरात माणसं किती, चूल कशाची, पाणी कुठून आणता' असं विचारायला सरकारच सांगतं, याहून सुखाची नोकरी मला माहीत नाही. डबीर मला भोचक म्हणत. मी म्हणत असे, भोचक नाही, चौकस.

ते पाटबंधारे खात्यात होते. सव्वीस वर्षं एकाच वसाहतीत काढली, स्वतःचं घर काही बांधलं नाही. ते निवृत्त झाले आणि मे अखेर क्वार्टर रिकामी करायची वेळ आली. दोन जागा समोर होत्या. शिरवेळला एका कंपनीचं रिसॉर्ट होतं. त्यातल्या सहा कॉटेज त्यांनी निवृत्त लोकांना बारमाही राहण्यासाठी काढल्या होत्या. ही जागा डबीरांनी शोधलेली. दुसरी कृष्णेकाठचं पाचघाट. घाट, देवळं, पेठ, आणि मधल्या आळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ही मी शोधलेली. आमचा करार असा, की चार दिवस इथे राहायचं, चार दिवस तिथे, आणि दोघांनाही पटेल तेच ठरवायचं. एकाचं मन मोडून दुसऱ्यानं जायचं नाही.

"तुम्हाला इथलं आवडतंय तरी काय?" मी विचारलं.

"शांत आहे."

"धरणावर काय बाजार भरत होता?"

"तू नं, उलटतपासणी घेऊ नकोस."

मग मी माझा मोर्चा दुसरीकडे वळवला. कॉटेज झाडायला सुगंधा नावाची बाई येई. चाळिशीची, हसरी, अबोलीचा गजरा माळलेली. पहिल्या दिवशी मी तिला गाव, सासर, माहेर, मुलं, गाय किती दूध देते, सगळं विचारून घेतलं. तिनं सगळं सांगितलं, पण उलट एक प्रश्न केला नाही. कोकणातली बाई आणि समोरच्याला 'खयसून इलात', कुठून आलात, म्हणून विचारत नाही, हे मला खटकलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच.

"सुगंधा, तू मला काहीच कसं विचारत नाहीस गं?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "आमका ताकीद आसा, बाय. पावण्यांका काय एक विचारूचा नाय. कोण, खयचे, घराक कोण कोण आसत, काय्येक नाय. तेंका आवडणा नाय म्हणतत."

"मग तुझं पोट दुखत नाही?"

"दुखता तर!" ती खळखळून हसली. "पण काय करतलंय?"

मी ही गंमत डबीरांना सांगितली. त्यांना गंमत वाटली नाही. "चांगला नियम आहे," ते म्हणाले. पेपर खाली ठेवून म्हणाले, हे मात्र मी टिपलं.

पाचव्या दिवशी आम्ही पाचघाटला आलो. किल्ली मथुताई वाकनिसांकडे होती. सत्तरीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला, आळीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, नळ सोडून दाखवला, आणि आम्ही पाणी प्यायच्या आत विचारायला सुरुवात केली. मूळचे कुठले? माहेर कुठलं? ब्लडप्रेशर आहे का? चहा गुळाचा की साखरेचा? मला वाटलं, आपल्या जातीचं माणूस भेटलं एकदाचं. मी धडाधड उत्तरं देत होते.

"आणि मुलंबाळं किती?"

"नाहीत," डबीर म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मथुताईंनी माझ्याकडे पाहिलं, डबीरांकडे पाहिलं, "बरं, दुपारी ताक पाठवते," म्हणाल्या आणि गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. डबीर पिशवीतून धोतरं काढून घड्या पुन्हा घालत बसले, त्या मोडलेल्या नसताना.

आम्हाला मुलगी होती. रेवती. नवव्या वर्षी तापानं गेली. तीन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी खात्याच्या जीपमधून जिल्ह्याच्या गावी नेताना, घाटात. या गोष्टीला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलायचं नाही. नवीन कुणी बदलून आलं की जुने लोक त्यांना आधीच सांगून ठेवत, डबीरांकडे तो विषय काढू नका. चांगली माणसं होती ती. इतकी चांगली, की एकवीस वर्षांत 'मुलं किती' हा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हजारो घरांत तो विचारला, आणि आपल्याला तो कुणी विचारत नाही हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

"नाहीत का म्हणालात?" मी विचारलं.

"मग काय म्हणू?"

"होती म्हणा."

"होती म्हटलं की अरेरे म्हणणार. मग काय झालं होतं, विचारणार. मग डॉक्टर नव्हता का, लवकर का नाही नेलं. मी परत ती जीप, तो रस्ता, ते सगळं सांगू? या घरी सांगू, त्या घरी सांगू, भाजीवाल्याला सांगू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. धोतराची घडी मात्र चुरगळली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणून तुम्हाला शिरवेळ हवंय."

त्यांनी चुरगळलेलं धोतर उलगडलं.

"समुद्र नको, वाळू नको, वारा नको. तिथे कुणी विचारत नाही म्हणून."

"हो. म्हणून."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आधी वाईटच वाटलं. घामोळं सोसत, कानात कापूस घालून हा माणूस उरलेलं आयुष्य काढायला निघाला होता, फक्त एक प्रश्न टाळण्यासाठी. पण मग माझ्याही पोटातलं ओठावर आलं.

"आणि मला विचारलेलं हवं असलं तर? मला वाटतं कुणी तरी विचारावं. मला सांगायचंय हो. तिचं नाव घेऊन एकवीस वर्षं झाली आपल्याला. तुम्ही घेत नाही म्हणून मीही घेत नाही."

डबीर खिडकीशी गेले. घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"मग तू इथे राहा," ते तिथूनच म्हणाले. "मी तिथे राहतो. येत-जात जाऊ."

तेहतीस वर्षांत आम्ही भांडलो नव्हतो असं नाही. पण वेगळं राहायची गोष्ट कधी निघाली नव्हती. आणि डबीर बोलायचं म्हणून बोलणारे नव्हते.

पुढचे दोन दिवस आम्ही पाहुण्यांसारखे वागलो. 'चहा घेणार?' 'घेतो.' 'घाटावर येता?' 'तू जाऊन ये.' मी घाटावर जाऊन येई. पाचही घाट पाहिले, पण मन लागेना. मथुताई ताक पाठवत, लोणचं पाठवत, पण मुलांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. डबीरांचं ते एका शब्दाचं उत्तर त्यांना बरोबर कळलं असावं.

शेवटच्या दिवशी सकाळी त्या वही-पेन्सिल घेऊन आल्या. डबीर आरशासमोर दाढी करत होते.

"आज आमच्या आळीची पंगत आहे. वैशाखात असते दर वर्षी. तुमची पानं किती धरू?"

"दोन," डबीर आरशातूनच म्हणाले.

"ती धरलीच आहेत. नसलेल्याचं कुणाचं?"

"म्हणजे?" मी विचारलं. मला राहवतंय थोडंच!

मथुताई उंबऱ्यावर टेकल्या. "आमच्याकडे पद्धत आहे. घरटी एक पान नसलेल्या माणसाचं मांडायचं. आमच्या नानाचं असतं, तो कॅनडात. पाटणकरांकडे त्यांच्या आईचं, जाऊन बारा वर्षं झाली. ओकांकडे तर त्यांच्या मोत्याचं मांडतात, तो कुत्रा होता, पण चालवून घेतो आम्ही. त्या पानावर वाटेनं जाणारा कुणीही येऊन बसतो. त्याला मात्र कोण, कुठला, विचारायचं नाही. गपचूप वाढायचं. आणि वाढताना पानाच्या मालकाचं नाव पुकारायचं, एवढंच."

"आमचं कुणी नाही," डबीर म्हणाले. "दोनच."

मथुताई उठल्या नाहीत. पेन्सिल वहीवर टेकवून माझ्याकडे बघत राहिल्या. दया नव्हती त्या बघण्यात. किराणा भरताना वाणी 'आणखी काय' म्हणून थांबतो तसं त्या थांबल्या होत्या. मी आरशाकडे पाहिलं. अर्ध्या गालाला साबण लावलेले डबीर माझ्याचकडे बघत होते, आणि नको म्हणत होते. तोंडानं नाही, पण मला कळत होतं.

"रेवतीचं," मी म्हणाले. "आमची मुलगी. नऊ वर्षांची असताना गेली."

मथुताईंनी लिहिलं. 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. "रेवती डबीर," त्यांनी वाचून दाखवलं. "बरं. अकराला या. आणि पाट आपापले आणायचे हं, कोनाड्याखाली आहेत तीन."

त्या गेल्या. डबीरांनी उरलेली दाढी पुरी केली. तोंड धुतलं, सदरा घातला, आणि पिशवीत आपले कपडे भरायला लागले.

"बाराची साताऱ्याची गाडी आहे," ते म्हणाले. "मी धरणावर पुढे होतो. तू ये सावकाश."

"अहो, असं काय करता?"

"आपलं ठरलं होतं," ते म्हणाले. "एकाचं मन मोडून नाही म्हणून."

करार मी मोडला होता, आणि तोही परक्या बाईसमोर. ते पिशवी घेऊन आळीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी होते. मला फार एकटं वाटलं. तरी मी तीन पाट काढले. का काढले, ते आजही सांगता येणार नाही. नाव लिहिलं गेलं होतं, एवढंच मनात होतं.

आळीभर कापड ताणून मांडव घातला होता. पानं समोरासमोर दोन ओळींत मांडलेली. मी बसले, उजवीकडे डबीरांचं रिकामं पान, डावीकडे रेवतीचं. वाढप्यांमध्ये ओकांचा आवाज सगळ्यात मोठा. "नानाच्या पानाला भात!" "पाटणकर आजींना कोशिंबीर!" "मोत्याला बटाट्याची भाजी!" मोत्याच्या पानावर एक गंभीर चेहऱ्याचे मास्तर बसले होते. त्यांना आपण कुणाच्या जागी जेवतोय याची कल्पना असावी, कारण ते मिशीत हसत होते.

माझ्या डावीकडे धप्पकन कुणीतरी येऊन बसलं. खाकी कपडे, दणकट बांधा, भरघोस मिशा. एस.टी.चा ड्रायव्हर.

"हितं बसलो तर चालंल का, बाई?"

"बसा ना," मी म्हणाले.

मी काही विचारलं नाही. माझ्यासारखीनं! पण नियम म्हणजे नियम.

तो जेवायला बसला तो असा, की बघत राहावं. वरण-भाताची मूद दोन घासांत संपली. जिलब्या आल्या, पाच वाढल्या, पाच गेल्या. ओकांनी लांबून पाहिलं आणि आळी दणाणेल अशा आवाजात ओरडले, "अहो, रेवतीच्या पानाला जिलबी! रेवतीला काही नाहीये!"

एकवीस वर्षांनी कुणीतरी तिचं नाव मोठ्यानं घेतलं होतं. हळू आवाजात नाही, जपून नाही. शेजारच्या घरातल्या पोरीला हाक मारावी तसं. आधी मला हसू आलं, त्या मिशांकडे पाहून. मग रडू आलं. समोरच्या बाईनं मीठ पुढे सरकवलं आणि दुसरीकडे बघितलं. मी डोळे पुसले आणि जेवू लागले. मला भूक लागली होती.

"रेवतीला भात!" ओक पुन्हा ओरडले. "रेवती, लाजायचं नाही!"

"लाजतोय कोण!" ड्रायव्हर म्हणाला आणि पान पुढे केलं. सगळी ओळ हसली.

तेवढ्यात माझं लक्ष मांडवाच्या तोंडाकडे गेलं. डबीर उभे होते. हातात पिशवी, उन्हानं लाल झालेलं तोंड. मागाहून त्यांनी सांगितलं, ते स्टँडवर जाऊन गाडीत बसले होते. बारा वाजून गेले, गाडी हलेना. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "ड्रायव्हर जेवायला गेल्यात मधल्या आळीत. आज पंगत असती न्हवं. त्यांचं जेवण झाल्याबिगर गाडी न्हाई सुटायची, सायेब." डबीर नियमाचे पक्के. सरकारी गाडी अशी खोळंबते म्हणजे काय, म्हणून ड्रायव्हरला उठवायला ते आले होते.

किती वेळचे उभे होते, कुणास ठाऊक. पण हाका त्यांनी ऐकल्या होत्या. त्यांचा चेहरा मी जन्मात तसा पाहिलेला नव्हता. ती गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा तो दगडासारखा होता. आता सगळा हलत होता.

मी उठले नाही, बोलावलं नाही. मला वाटलं, वळून गेले तर जाऊ देत. हा त्यांचा त्यांनी ठरवायचा प्रश्न आहे. पण घास मात्र हातातच राहिला.

मथुताई मठ्ठ्याची कासंडी घेऊन आमच्या ओळीत आल्या होत्या. "रेवतीला मठ्ठा," असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या वाटीत ओतला. त्यानं वाटी उचलून एका दमात रिकामी केली आणि मिशा पुसत पुन्हा पुढे केली. "झ्याक झालाय! अजून येऊ द्या."

डबीर आत आले. ओळीमधून, पानं चुकवत, सावकाश. त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली, चपला काढल्या आणि माझ्या उजवीकडच्या पाटावर मांडी घातली. मथुताईंनी काही न विचारता कासंडी खाली ठेवली आणि त्यांच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी वाढायला घेतली. डबीर माझ्या पलीकडे बघत होते, त्या खाकी माणसाकडे, त्याच्या हातातल्या वाटीकडे.

"मथुताई," ते म्हणाले. "यांना हवा तेवढा द्या. पण पुढच्या वर्षी रेवतीच्या पानाला मठ्ठा नका वाढू. तिला आवडत नाही."